धूमावरून अग्नीचें अनुमान

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असलाच पाहिजे, हें नैयायिकांचें अनुमान वाचकांस परिचित आहेच. अर्वाचीन रसायनशास्त्रज्ञ त्याच्याहि पुढें गेले आहेत. हवेंतील सूक्ष्म कण गाळून घेऊन, अग्नि कोणत्या इंधनाचा होता हेंहि ते सांगूं शकतात.

लांकूड व पालापाचोळा यांत सेल्युलोज विपुल असतें. सुमारें ३०० अंशांहून अधिक उष्णता लागली म्हणजे तें भंगतें व लेव्होग्लुकोसान नांवाचा शर्करेसारखा पदार्थ निपजतो. त्याच्या रेणूंत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १० व ऑक्सिजनचे ५ परमाणु असतात. मोटारींच्या तेलाच्या धुरांत हा पदार्थ नसतो. तेथें होपेन वर्गाचे पदार्थ सांपडतात. म्हणून १९९९ सालीं सायमोनाइट व त्यांचे सहकारी यांनीं लेव्होग्लुकोसान ही काष्ठधूमाची खूण म्हणून पुढें मांडली. न्यायशास्त्राच्या भाषेंत हाच ‘हेतु’ होय.

परंतु ही खूण एकटी येत नाहीं. त्याच धुराच्या कणांवर बेंझोपायरीन हें कर्करोगकारक द्रव्यहि बसलेलें असतें. आणि अडीच मायक्रॉनांहून लहान कण फुप्फुसांच्या अगदीं तळापर्यंत पोंचतात. अशा कणांचें वार्षिक प्रमाण एका घनमीटर हवेंत ५ मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक नसावें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सुचविलें.

तेव्हां अंगणांतील पाला पेटवूं नये. खड्ड्यांत कुजवून त्याचें खत करावें. जेथें अद्याप चूल आहे, तेथें धूर बाहेर जाण्यास वाट ठेवावी व लहान मुलांस तिच्याजवळ बसवूं नये. धूर दिसेनासा झाला तरी त्यांतील कण हवेंत राहतातच.