एका हातानं चालणारा संगणक

‘तिला कशाला त्रास? बसू दे घरात, आम्ही आहोत ना!’ पोलिओनं पाय गेलेल्या किंवा जन्मापासून हात थरथरणाऱ्या मुलीबद्दल हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलं आहे. मायेचंच आहे ते. पण आई-वडील थकल्यावर पुढे काय?

संगणकाचं काम बसून करायचं असतं. मात्र त्याला दोन्ही हात लागतातच, ही समजूत सोडून द्या बरं का! इंग्रजी मोठं अक्षर काढायला शिफ्ट आणि त्या अक्षराची कळ एकदम दाबावी लागते. एका हाताच्या मुलीनं काय करावं? शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबावी. विंडोजमधली ‘स्टिकी कीज’ ही सोय चालू करायची का, असं यंत्रच विचारतं. मग कळा एकीमागून एक दाबल्या तरी काम होतं. हात थरथरून एकच अक्षर चारदा उमटत असेल, तर ‘फिल्टर कीज’ आहे. विंडोज ९५ पासून या सोयी आतच असतात, वेगळे पैसे पडत नाहीत. क्लासच्या सरांना ठाऊक नसतील तर आपण दाखवाव्यात, त्यात संकोच कसला! बोटं अगदीच साथ देत नसतील, तर मराठीत बोललेलंही आता अक्षरांत उमटतं.

घरची तयारीही सोपी आहे. पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट ठेवा. कोपरं टेबलाला टेकू द्या. कीबोर्ड सरकतो? कपाटात अंथरतो ती रबरी जाळी त्याच्याखाली घाला. चाकाची खुर्ची असेल, तर ती टेबलाखाली शिरते ना, हे आधी मापून घ्या.

एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम २००१ पासून चालू आहे. चौकशीला जाल तेव्हा फी नंतर विचारा, आधी जिना पाहा!

पुढे टॅलीवरचे हिशेब, मराठी टायपिंग अशी कामं करता येतात. २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, तो आधीच काढून ठेवा. ‘घरबसल्या डाटा एन्ट्री, आधी अनामत भरा’ अशा जाहिरातींच्या वाटेला मात्र जाऊ नका.

आणि पहिली कमाई तिच्याच नावच्या खात्यात जमा होऊ द्या. खातं नसेल, तर याच आठवड्यात उघडून टाका.