‘क्रिटिकल, पण स्टेबल’ म्हणजे नेमके काय?

एखादा नेता किंवा अभिनेता रुग्णालयात दाखल झाला की मेडिकल बुलेटिनमध्ये हमखास येणारे वाक्य : ‘प्रकृती चिंताजनक, पण स्थिर’. आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईकही हेच ऐकतात आणि त्यातले ‘स्थिर’ तेवढे धरून ठेवतात. गफलत इथेच होते.

‘क्रिटिकल’ म्हणजे जिवाला धोका आहे. नाडी, रक्तदाब, श्वसन यांपैकी काहीतरी मर्यादेबाहेर गेलेले असते किंवा व्हेंटिलेटर आणि औषधांच्या जोरावर मर्यादेत ठेवलेले असते. ‘स्टेबल’चा अर्थ एवढाच की, गेल्या काही तासांत त्यात मोठा चढउतार झालेला नाही. तब्येत सुधारली, असा नव्हे. व्हेंटिलेटरवरचा बेशुद्ध रुग्णही स्टेबल असू शकतो.

अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनने तर रुग्णाची अवस्था सांगताना ‘स्टेबल’ हा शब्द वापरूच नये, असे रुग्णालयांना सुचवले आहे. आपल्याकडे तो सर्रास चालतो. सांगणाऱ्यालाही सोयीचा, ऐकणाऱ्यालाही.

‘स्टेबल’ ऐकून गावाकडच्या भावाला ‘सावकाश ये’ असे कळवण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात : रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचा डोस कालपेक्षा वाढला की कमी झाला? आणि ऑक्सिजन किती लागतो आहे?