वर्दी उतरल्यानंतरचा अभ्यास

बेगडेवाडीहून पुण्याकडे निघालेली लोकल पहिल्याच थांब्याला देहूरोडच्या लष्करी छावणीजवळ पोहोचते. पुढे खडकीतही लष्कराची वस्ती आहे. या पट्ट्यात निवृत्त जवान नवलाचे नाहीत. साधा जवान अनेकदा चाळिशीच्या आतच घरी परततो. मग त्याच्या पेन्शनची आणि कॅन्टीन कार्डाची चौकशी सगळेच करतात. पण त्याला रात्री झोप लागते का, हे कोण विचारतं?

हे विचारणं हा विद्यापीठातला रीतसर अभ्यासविषय आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील प्राध्यापक निकोला फिअर यांनी यावरच आपली कारकीर्द उभी केली. त्यांनी व सहकाऱ्यांनी सुमारे दहा हजार ब्रिटिश सैनिकांची पाहणी करून २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. युद्धाच्या धक्क्याने जडणाऱ्या मानसिक आजाराची लक्षणं सुमारे चार टक्क्यांत आढळली, तर घातक मद्यपान तेरा टक्क्यांत. सगळ्यांचं लक्ष युद्धाच्या आठवणींकडे होतं. मोठा प्रश्न बाटलीत दडला होता. मोजल्याशिवाय हे कळलं नसतं.

आपल्या पुण्यातही उपचारांची परंपरा जुनी आहे. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. खडकीत कमरेखालून लुळ्या झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण ज्यांना पदक मिळालं नाही, ज्यांचं नाव छापून आलं नाही, ते कसे जगले? त्यांची विचारपूस संशोधकाने करायची असते.

आता हा प्रश्न आणखी जवळ आला आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर सैन्यात कायम होतात. बाकीचे विशीतच घरी येणार. त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकांची ईसीएचएस आरोग्य योजनाही नाही. त्यांच्या मनाची नोंद कोण ठेवणार?

इथे आपल्या मुलामुलींना वाव आहे. मानसशास्त्र, समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्य यांत पदव्युत्तर शिक्षण, संख्याशास्त्राची बैठक आणि मग पीएच.डी., असा हा रस्ता आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्य व सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण मिळतं. मराठीबरोबर उर्दू किंवा दखनी येणारी मुलगी घरात बसून जवानाच्या बायकोशी बोलू शकते. ती बाई परक्या पुरुषाला जे सांगणार नाही, ते हिला सांगेल. अर्थात संमतीशिवाय लिहायचं नाही आणि ऐकलेलं मोहल्ल्यात न्यायचं नाही, ही या कामाची पहिली अट.

आपल्या घरांत ‘सब्र करा’ असं सहज म्हटलं जातं. सब्र मोठी गोष्ट आहे. पण ती इलाजाच्या आड येऊ नये. दुखणं बोलून दाखवणाऱ्याला बेसब्र ठरवलं, तर पुढचा माणूस तोंडच उघडत नाही.

बारावीनंतर मुलगी मानसशास्त्र घ्यायचं म्हणाली, तर ‘त्यात नोकरी कुठली?’ एवढंच विचारून थांबू नका. तिच्या कामाची वाट पाहणारी माणसं कदाचित आपल्याच गल्लीत राहत असतील.