प्रेमकथेला अडसर लागतो

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात व्हर्जिनिया सिटी नावाचं जुनं खाणगाव आहे. तिथल्या पायपर्स ऑपेरा हाउसमध्ये मॉड ॲडम्स या नटीचा एक फोटो होता. अमेरिकी रंगभूमीवर ‘पीटर पॅन’ म्हणून गाजलेली ही नटी १९५३ साली वारली. कुटुंबासोबत सहलीला निघालेले लेखक रिचर्ड मॅथेसन त्या फोटोपुढे थबकले आणि बघतच राहिले. फोटोतल्या बाईवर मन जडणं यात नवल ते काय! मॅथेसन मात्र एक पाऊल पुढे गेले. समजा, असाच कुणी तिच्यावर भाळला आणि तिला गाठायला थेट तिच्या काळात जाऊन धडकला तर?

या एका ‘तर’मधून १९७५ साली ‘बिड टाइम रिटर्न’ ही कादंबरी आली. ती लिहिण्यासाठी मॅथेसन कॅलिफोर्नियातल्या हॉटेल डेल कोरोनाडोमध्ये कित्येक आठवडे मुक्काम ठोकून होते. हॉटेल १८८८ सालचं. आपणच कादंबरीचा नायक आहोत असं धरून ते तिथे वावरायचे आणि जे दिसेल, जे वाटेल ते टेपरेकॉर्डरवर बोलून ठेवायचे. पुढे १९८० साली तिच्यावरून ‘समव्हेअर इन टाइम’ हा सिनेमा निघाला. त्यातला नायक जुन्या घाटाचा सूट चढवतो, स्वतःवरच संमोहन करतो आणि १९१२ सालात पोहोचतो. प्रेम जमतं, सगळं मनासारखं होतं. मग बोलता बोलता त्याच्या हाताला खिशातलं एक नाणं लागतं. त्यावर १९७९ साल कोरलेलं! ते पाहताक्षणी तो आपल्या काळात फेकला जातो. दहा खलनायकांना जमलं नसतं ते एका पेनीने केलं.

प्रेमकथेचं सगळं चालतं ते अशा अडसरांवर. दोघं भेटली, एकमेकांना आवडली, लग्न करून सुखाने नांदली, यात सांगण्यासारखं काय उरतं? पूर्वीच्या लेखकाला अडसर शोधत हिंडावं लागत नसे. चुकीच्या हाती पडलेली चिठ्ठी, आगबोटीने विलायतेला गेलेला नायक, हटून बसलेले वडील, सगळं तयार असे. जात आजही आडवी येते, पैसाही येतो. पण चिठ्ठीचा घोळ मोबाइलने मिटवला आणि विलायत व्हिडिओ कॉलवर आली. अद्भुताच्या वाटेने जाणारे प्रेमकथाकार म्हणून काळ, मृत्यू, भूतयोनी असे अडसर उभे करतात. स्फूर्ती कुठून मिळते, असं या लेखकांना सतत विचारलं जातं. त्यांच्या हकिगती नीट पाहिल्या तर अद्भुत बहुतेक वेळा मागाहून आलेलं दिसतं.

डायना गॅबल्डन यांचंच घ्या. शिक्षणाने त्या शास्त्रज्ञ, प्राण्यांच्या वर्तनाशी संबंधित विषयात डॉक्टरेट घेतलेल्या, ॲरिझोनातल्या विद्यापीठात नोकरी. कादंबरी लिहिता येते का बघू, म्हणून १९८८मध्ये सरावासाठी लिहायला बसल्या. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचा एक जुना भाग त्यांनी टीव्हीवर पाहिला होता. त्यातला किल्ट नेसलेला स्कॉटिश पोरगा त्यांच्या डोक्यात बसला. ठरलं, कथा अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये घडवायची. स्कॉटलंड त्यांनी पाहिलंच नव्हतं. सगळी भिस्त ग्रंथालयावर. खटके उडावेत म्हणून स्कॉट पुरुषांच्या घोळक्यात त्यांनी एक इंग्रज बाई आणून सोडली. पण ही बया अठराव्या शतकातल्या बाईसारखी बोलेच ना! फटकळपणे आजच्या बाईसारखी उत्तरं द्यायची. अखेर गॅबल्डन यांनी हात टेकले आणि ठरवलं, बरं बाई, तू विसाव्या शतकातली. तू इथे आलीस कशी ते नंतर बघू. १९४५ साल, युद्धातली नर्स, उभ्या शिळांचं वर्तुळ आणि त्यातून १७४३मध्ये उडी, हे सारं त्यानंतर जुळत गेलं. १९९१ साली ‘आउटलँडर’ प्रकाशित झाली. कालप्रवासाची ही जगप्रसिद्ध प्रेमकथा एका पात्राच्या तोंडाळपणातून जन्मली आहे.

स्टेफनी मायर यांना ‘ट्वायलाइट’ स्वप्नात दिसली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर त्यांनी अमेरिकेत सर्वाधिक पाऊस कुठे पडतो ते इंटरनेटवर शोधलं आणि फोर्क्स हे गाव निवडलं, हे फारसं कुणी सांगत नाही. उन्हात माणसांपुढे येण्याची सोय नसलेल्या तिच्या पिशाच नायकाला ढगाळ गाव हवंच होतं. स्वप्नापेक्षा हा पावसाचा शोध जास्त लेखकी वाटतो.

सर्वांत जवळची वाटते ती ‘द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ’ची जन्मकथा. ऑड्री निफेनेगर या शिकागोच्या चित्रकार. प्रेमात अपयश पदरी पडलेलं. वडील कामानिमित्त आठवड्याचे बरेचसे दिवस फिरतीवर असत, ते आईवडिलांचं सहजीवन डोळ्यांपुढे होतं. २००३ साली आलेल्या त्यांच्या कादंबरीतला हेन्री ग्रंथपाल आहे आणि त्याला कालप्रवास जडला आहे तो आजारासारखा. मनात नसताना तो दुसऱ्या काळात फेकला जातो. अंगावरचे कपडेही सोबत जात नाहीत, त्यामुळे पोहोचल्यावर पहिलं काम चोरीचं! आणि बायको क्लेअर घरी वाट बघत बसलेली.

फिरतीवरच्या नवऱ्याची ही गोष्ट राजस्थानात कधीचीच सांगितली जात होती. जोधपूरजवळच्या बोरुंदा गावी राहून लोककथा गोळा करणाऱ्या विजयदान देथा यांनी ती ‘दुविधा’ या नावाने लिहिली. शेटजींचा मुलगा लग्न होताच हिशेबाच्या वह्या उघडतो आणि नव्या नवरीला सोडून व्यापारासाठी परमुलखात निघून जातो. झाडावरचं एक भूत तिच्यावर भाळतं, नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं. पण तिला फसवत नाही, आपण कोण ते सांगून टाकतं. निवड तिची. व्यापारासाठी वर्षानुवर्षं दूर राहणाऱ्या पुरुषांच्या मुलखात ही कथा रुजली यात आश्चर्य नाही. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याच्या कोकणातल्या बायकोलाही ती परकी वाटली नसती. मणी कौल यांनी १९७३ साली तिच्यावर सिनेमा केला. २००५मध्ये अमोल पालेकरांनी ‘पहेली’ केला आणि शेवट बदलला. देथांचं भूत चामड्याच्या पिशवीत कोंडलं जातं ते कायमचं; पालेकरांचं भूत नवऱ्याच्याच देहात शिरून परत येतं. काहींना हा बदल गोडगोड वाटतो. पण बाईने जे निवडलं ते तिला मिळू द्यायचं, हा त्यामागचा हट्ट दुर्लक्षिण्याजोगा नाही.

जुन्या गोष्टीतली अट बदलायची, हा उद्योग कालिदासानेही केला होता. शतपथ ब्राह्मणात अप्सरा उर्वशी पुरूरवा राजाला बजावते, तू मला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्व तिची कोकरं पळवतात, तो तसाच उठून धावतो, वीज चमकते आणि संसार संपतो. कालिदासाने ‘विक्रमोर्वशीय’मध्ये ही अट काढून दुसरीच घातली: मुलाचं तोंड पाहिलंस की मी स्वर्गात परत. म्हणजे बाप होण्याचा आनंद आणि बायको गमावण्याचं दुःख एकाच क्षणी! उर्वशी पोराला लपवून आश्रमात वाढवते, तरी ती वेळ येतेच. मग गाठ सोडवायला नारद हजर होतात. असुरांशी युद्ध तोंडावर आलेलं असतं, इंद्राला पुरूरवा हवा असतो, आणि तेवढ्यासाठी उर्वशीला जन्मभर पृथ्वीवर राहायची रजा मंजूर होते.