समोर बसणारा माणूस : जालन्यातल्या मुलांचे मानसोपचार

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतात त्याच सुमारास जालना जिल्ह्यातल्या गावा-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड अशा तालुक्यांतली, मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर जातात आणि पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही लेकरं सोबत जाऊन कोपीत राहतात, काही आजीपाशी थांबतात, काही शाळेच्या हंगामी वसतिगृहात. आठ-नऊ वर्षांचं पोर पाच-सहा महिने आईबापाविना काढतं, आणि हे दर वर्षी. त्याचं पोट दुखतं, रात्री अंथरूण ओलं होतं, वर्गात ते गप्प बसतं नाहीतर मारामाऱ्या करतं. घरचे म्हणतात नजर लागली, शाळा म्हणते अभ्यासात लक्ष नाही.

मानसोपचार म्हटलं की आपल्याकडे गोळ्या आणि शॉक एवढंच डोळ्यांपुढे येतं. मुलांसाठीचे बरेचसे उपचार मात्र खेळण्याचे, बोलण्याचे, सवयी बदलण्याचे आहेत आणि वयानुसार ते बदलतात. लहान मूल ‘मला भीती वाटते’ असं सांगत नाही, ते बाहुलीला मारतं, मातीत पुरतं, पुन्हा बाहेर काढतं. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये ‘प्ले थेरपी’ हे पुस्तक लिहून या खेळालाच उपचाराचं रूप दिलं. खेळ मुलाच्या हाती सोपवायचा, समोरच्या मोठ्याने शिकवायचं नाही, टोकायचं नाही, फक्त त्याची भावना ओळखून त्याला परत सांगायची. जालन्यात खेळोपचाराची पेटी भरायची तर तिच्यात ट्रॅक्टर, उसाची मोळी आणि पाचटाची कोप हवी. शहरी दुकानातलं बाहुलीघर इथल्या पोराला आपलं घर वाटणार नाही.

भीतीवरचा उपचार याहून जुना आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाचा अनुभव प्रसिद्ध केला. पीटर आवडीचं खात असताना सशाचा पिंजरा दूर ठेवायचा आणि रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी तो सशाला हात लावू लागला. शाळेला जायला नकार देणाऱ्या मुलावर आजही याच तत्त्वाने काम होतं : आज फाटकापर्यंत, चार दिवसांनी व्हरांड्यात, मग एक तास वर्गात. त्याला फरफटत नेणं आणि ‘राहू दे घरीच’ म्हणणं, दोन्हींनी भीती वाढते.

किशोरवयात विचारांशी बोलता येतं. ‘दहावीत टक्के पडले नाहीत तर सगळं संपलं’ हे वाक्य तपासून पाहायला शिकवणं म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याची उपचारपद्धती, सीबीटी. तिच्या उगमाशी असलेले अल्बर्ट एलिस मराठी वाचकाला परके नाहीत. कि. मो. फडके यांनी त्यांची विवेकनिष्ठ पद्धत भारतात आणि मराठीत रुजवली. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांसाठी मार्शा लिनेहान यांची डीबीटी आहे. तिच्यात भावनेचा लोंढा आला असता तो ओसरेपर्यंत तग धरायची कौशल्यं शिकवतात. अत्याचार किंवा अपघात सोसलेल्या मुलांसाठीचे उपचार वेगळे, ते तज्ज्ञांकडेच करावेत.

हट्टी, आक्रमक लहान मुलांच्या बाबतीत तर मुख्यतः पालकांना शिकवावं लागतं : कौतुक कशाचं करायचं, दुर्लक्ष कशाकडे करायचं, शिक्षा न करता नियम कसा पाळून घ्यायचा. इथेच पाठ्यपुस्तक जालन्यात अडतं. पालक फडावर असतील तर आठवड्याला दवाखान्यात कोण येणार? आजीला, वसतिगृहातल्या मावशींना आणि फोनवरच्या आईला उपचारात सामील करून घेणं, हीच इथली कुटुंबोपचाराची रीत असायला हवी.

मुलींचा प्रश्न आणखी अवघड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत जालन्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ३५ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांआधी झालेलं आढळलं. बोहल्यावरून निघून गेलेल्या नारायणाची, म्हणजे पुढच्या समर्थ रामदासांची, गोष्ट याच जिल्ह्यातल्या जांब गावची. मुलींना तशी वाट सापडत नाही. लग्न ठरल्यावर जेवण सोडणाऱ्या, वरचेवर बेशुद्ध पडणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला आधी अंगारा लावला जातो. तिच्या विचारांत काही चूक नाही, तिच्यावर अन्याय होतो आहे. अशा वेळी समुपदेशकाने तिला ‘जुळवून घे’ म्हणणं हा उपचारच नव्हे. त्याने १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करून लग्न थांबवायला हवं.

मग जिल्ह्यात आहे काय? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. दहा ते एकोणीस वयोगटासाठी २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाची मैत्री क्लिनिकं आहेत. शेतकरी आत्महत्यांमुळे सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पाच्या चौदा जिल्ह्यांत जालना आहे आणि त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणं विचारली आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीनंतर जालन्याला ३६५ खाटांचं प्रादेशिक मनोरुग्णालयही मंजूर झालं. ते हवंच. पण पोट दुखणाऱ्या, शाळा टाळणाऱ्या मुलाला खाटेची गरज नसते. त्याला घराजवळ, ठरलेल्या वारी, तेच ओळखीचं माणूस समोर बसलेलं हवं असतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले होते. एवढ्या मुलांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ कुठल्याच ग्रामीण जिल्ह्यात नाहीत.

म्हणून गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात केलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. सरकारी माध्यमिक शाळांत एकच कार्यक्रम काही ठिकाणी खास नेमलेल्या, प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी राबवला, काही ठिकाणी शिक्षकांनी. मनातलं लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रक, अडचण सोडवण्याबद्दल एकेकट्याशी बोलणं, असं त्याचं स्वरूप होतं. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही. याच संस्थेने दिल्लीच्या शाळांत छोट्या चित्रपुस्तिकांच्या आधारे चार-पाच भेटींचं समुपदेशन केलं. त्यात मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी हलक्या झाल्या, सगळी लक्षणं मात्र तेवढ्यात सरली नाहीत. थोड्या भेटींची मर्यादाही यातून कळते.

जनगणना, निवडणूक, पोषण आहार यांखाली दबलेल्या शिक्षकाच्या माथी आणखी एक प्रशिक्षण मारून भागणार नाही, हे नालंदाच्या प्रयोगाने दाखवलं. जिल्हा नियोजनाच्या निधीतून दर हंगामी वसतिगृहाला आणि मोठ्या शाळेला बारावी-पदवी झालेली, गावातलीच एक मुलगी किंवा मुलगा समुपदेशक म्हणून द्यावा, त्याला पगार द्यावा आणि त्याच्या कामावर जिल्हा रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञाची दर आठवड्याला देखरेख असावी. टोळ्या निघण्याआधी हे सुरू व्हायला हवं, पट्टा पडल्यावर नव्हे.

तोवर, आपल्या घरातलं किंवा शेजारचं मूल दोन-तीन आठवडे खात नसेल, झोपत नसेल, किंवा एकदा जरी मरणाची भाषा बोललं असेल, तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.