मोतीचे पोट बिघडले तर...

"बाई, आमचा मोती काल रात्रीपासून ओकतोय. त्याला काय द्यायचं?" असा प्रश्न वर्गात कधी ना कधी येतोच. घरोघरी त्याची तीन उत्तरे तयार असतात. आजी म्हणते, "अशक्त झालाय, दूध-पोळी घाला." शेजारी सांगतात, "दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप बरा होईल." आणि कोणीतरी कपाटातून आपली जुलाबाची गोळी काढून तिचा अर्धा तुकडा देतो. तिन्ही उपाय मायेपोटी केलेले असतात, पण तिन्हींत काहीतरी चुकते. काय चुकते हे शोधायला गेलो, तर आतडे कसे काम करते हे चांगले उलगडते. पचनसंस्थेचा पाठ शिकवताना पुस्तकातील आकृतीपेक्षा मुलांना हा मोती नक्कीच जवळचा वाटेल.

उलटी का होते?

कुत्रा हा मूळचा मिळेल ते खाणारा प्राणी. उकिरड्यावरचे शिळे अन्न, मेलेला उंदीर, सणासुदीला उरलेले तेलकट मटण, कशालाच त्याची ना नसते. असे काही पोटात गेले की जठराच्या आणि आतड्याच्या अस्तरातील चेतातंतू मेंदूच्या तळाकडील भागाला खबर देतात. रक्तात भिनलेली काही विषारी द्रव्येही तिथे ओळखली जातात. मग पोटाचे स्नायू व श्वासपटल जोराने आकुंचन पावतात आणि जठरातील ऐवज बाहेर फेकला जातो.

जुलाबाचे गणित थोडे वेगळे आहे. प्यालेल्या पाण्याखेरीज लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस असे पुष्कळ द्रव रोज आतड्यात ओतले जाते. निरोगी आतडे त्यातील जवळजवळ सर्व परत शोषून घेते. अस्तराला सूज आली की शोषण कमी होते, स्राव वाढतो आणि पाणी तसेच बाहेर पडते. म्हणजे उलटी आणि जुलाब हे शरीराने नको ते बाहेर टाकण्याचे मार्गही आहेत. धडधाकट मोठ्या कुत्र्याचे साधे पोट बिघडणे बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप आटोक्यात येते ते यामुळेच.

इथे मुले हमखास विचारतात, "पोट दुखलं की कुत्रा गवत खातो ना?" याबद्दल अमेरिकेत कुत्री पाळणाऱ्यांची एक मोठी पाहणी झाली आणि २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. गवत खाण्याआधी कुत्रा आजारी दिसत असे, असे सांगणारे दहात एकही भरले नाहीत. थोडक्यात, बहुतेक कुत्री गवत सहज म्हणून खातात. ते औषधच असते असे नाही.

खरा धोका पाण्याचा

मग काळजी कशाची करायची? पाण्याची. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाणी असतो. दहा किलोच्या कुत्र्यात साधारण सहा लिटर. त्यातील अर्धा लिटर, म्हणजे वजनाच्या ५ टक्के पाणी गेले की लक्षणे दिसू लागतात. १० ते १२ टक्के गेले की रक्ताभिसरण कोलमडू लागते. आता हेच गणित दोन किलोच्या पिल्लासाठी मांडा. त्याचे १० टक्के म्हणजे २०० मिलीलिटर, जेमतेम एक पेलाभर पाणी! मोठा कुत्रा ज्या जुलाबातून सहज निभावतो, त्याच जुलाबाने पिल्लू एका दिवसात दगावू शकते ते यामुळे. "उद्या बघू" हे शब्द पिल्लाच्या बाबतीत महाग पडतात.

या पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम यांसारखे क्षारही निघून जातात. म्हणून नुसते पाणी देऊन पूर्ण भरपाई होत नाही. इथे आपल्या परिचयाची जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, कामी येते. तिच्यामागचे विज्ञान असे. लहान आतड्याच्या पेशींत एक वाहक प्रथिन असते. ते ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा उघडी राहते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ४ टक्क्यांच्याही खाली आले.

कुत्र्याच्या आतड्यातही हीच वाहक जोडी असते. म्हणून साध्या, विनास्वादाच्या ओआरएसच्या पाकिटाचे द्रावण पाकिटावर लिहिल्याप्रमाणे उकळून गार केलेल्या पाण्यात बनवून कुत्र्यासमोर ठेवता येते. शेजारी साधे पाणीही ठेवावे. एकदम भांडेभर नको, कारण ताणलेले जठर पुन्हा उलटी करते. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार चमचे पुरेत. नुसते पाणीही पोटात टिकत नसेल, तर घरचे उपाय संपले असे समजावे. मग सलाइनच हवे.

दोन गोष्टी मात्र टाळायच्या. जबडा उघडून पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. आणि उलटी करवण्यासाठी मिठाचे पाणी पाजू नये, त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला जाते.

दूध नको, भात चालेल

आता आजीच्या दूध-पोळीकडे वळू. दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचवायला लॅक्टेज हे विकर लागते. पिल्लू मोठे होते तसे ते कमी होत जाते, आणि सुजलेल्या आतड्यात तर आणखीच. न पचलेले लॅक्टोज आतड्यात राहिले की परासरणामुळे पाणी आतड्यातच धरून ठेवले जाते आणि जिवाणू ते आंबवून वायू तयार करतात. म्हणजे जुलाब थांबण्याऐवजी वाढतात.

भात मात्र चालतो, आणि याचेही कारण रंजक आहे. स्टार्च पचवणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या लांडग्यात साधारणपणे दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत आढळतात, असे २०१३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगताना कुत्र्याचे पचनच बदलत गेले! तेव्हा मऊ शिजवलेला भात आणि त्यात उकडलेल्या कोंबडीचे कातडी व हाडे काढलेले मांस, किंवा उकडलेले अंडे, असे साधे जेवण द्यावे. तेल, तूप, मसाला नको. कांदा-लसूण तर मुळीच नको, कारण त्यातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खायला द्यावे. दोन-तीन दिवसांत शौच घट्ट झाली की नेहमीचे अन्न हळूहळू मिसळत जावे.

उपास किती काळ?

दिवसभर, प्रसंगी त्याहून अधिक काळ उपाशी ठेवण्याचा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. आज तो तसा दिला जात नाही. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे आयुष्य जेमतेम काही दिवसांचे असते आणि त्यांच्या जागी सतत नव्या पेशी येतात. या पेशी आपले बरेचसे पोषण रक्तातून नव्हे, तर समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात. उपास लांबला तर दुरुस्तीच खोळंबते. पार्व्हो विषाणूने आजारी पडलेल्या पिल्लांवर झालेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नळीवाटे लवकर अन्न सुरू केलेली पिल्ले उपाशी ठेवलेल्यांपेक्षा लवकर सुधारली. म्हणून मोठा कुत्रा ओकत असेल तर काही तास जठराला विश्रांती द्यावी आणि नंतर थोडे अन्न देऊन पाहावे. पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नये. पाणी तर कोणाचेच तोडू नये.

कपाटातली गोळी

जुलाब थांबवण्यासाठी माणसे घेतात ते लोपेरामाइड हे अफूच्या कुळातील औषध आहे. ते आतड्याची हालचाल मंदावते. माणसात ते मेंदूवर परिणाम करत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील एक प्रथिन पंपाप्रमाणे त्याला बाहेर ढकलते. कॉली आणि तिच्या जवळच्या जातींतील अनेक कुत्र्यांत या पंपाचे जनुक सदोष असते, हे २००१ मध्ये समजले. अशा कुत्र्यात हे औषध मेंदूत शिरते आणि कुत्रा गुंगीत पडतो. शिवाय जंतू किंवा विष बाहेर पडण्याची वाटही अशा गोळीने अडते. पॅरासिटामॉलने कुत्र्याच्या यकृताला व तांबड्या पेशींना, तर आयबुप्रोफेनने जठराला व मूत्रपिंडाला इजा होते. साध्या जुलाबात प्रतिजैविकांचाही उपयोग नसतो. ती हवीत की नाहीत हे पशुवैद्यालाच ठरवू द्यावे.

केव्हा थांबू नये?

पुढीलपैकी काहीही दिसले तर थेट जनावरांचा दवाखाना गाठावा:

• पिल्लू, म्हातारा कुत्रा किंवा गाभण कुत्री आजारी असणे.
• उलटीत किंवा जुलाबात रक्त. डांबरासारखी काळी शौच.
• पाणीही पोटात न टिकणे. एक दिवस उलटूनही सुधारणा नसणे.
• हिरड्या फिकट किंवा कोरड्या-चिकट. कुत्रा उठायला तयार नसणे.
• पोट फुगणे आणि काही बाहेर न पडता नुसते उमासे येणे. जठराला पीळ पडल्याची ही खूण असू शकते. इथे एकेक तास मोलाचा.
• चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ, उंदराचे औषध किंवा हाड पोटात गेल्याचा संशय. बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, हे सांगली-नाशिककडच्या मुलांना आवर्जून सांगावे.

लस न दिलेल्या पिल्लाला दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाब होत असतील तर पार्व्होची शंका घ्यावी. हा विषाणू १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. तो आतड्यातील नव्या पेशी तयार करणाऱ्या थरावरच घाला घालतो आणि जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने दिलेली लस हाच त्यावरचा भरवशाचा उपाय.

आणखी एक सूचना मुलांसाठी. कुत्र्याची लाळ गळते आहे, त्याला गिळता येत नाही, घशात हाड अडकल्यासारखे वाटते, अशा वेळी तोंडात हात घालू नये. तो रेबीज असू शकतो. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवून लगेच डॉक्टरांकडे जावे. एरवीही कुत्र्याची घाण साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण त्यातून जंत व जंतू माणसात येऊ शकतात.

वर्गात करून पाहा

१) अंगठ्याचे नख दाबून सोडा. पांढरे पडलेले नख किती वेळात पुन्हा गुलाबी होते ते मोजा. पशुवैद्य कुत्र्याची हिरडी दाबून हेच पाहतो. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण मंदावले आहे.

२) हाताच्या पाठीवरील कातडी चिमटीत उचलून सोडा. ती लगेच सपाट होते. पाणी कमी झालेल्या कुत्र्याच्या खांद्यावरील कातडी तंबूसारखी उभी राहून सावकाश बसते. म्हाताऱ्या कुत्र्याची कातडी मुळातच सैल असते, तर लठ्ठ कुत्र्यात पाणी कमी होऊनही ती चटकन बसते. म्हणून या एकाच खुणेवर विसंबू नये. असे का, याची चर्चा घडवा.

३) बटाट्याची एक चकती साध्या पाण्यात आणि एक साखरेच्या घट्ट पाण्यात तासभर ठेवा. दुसरी चकती लुळी पडते, कारण साखरेच्या पाण्याने तिच्यातील पाणी ओढून घेतले. न पचलेले लॅक्टोज आतड्यात पाणी धरून ठेवते तेही याच तत्त्वाने.

कुत्रा पाळणाऱ्या मुलांना एक छोटी वही ठेवायला सांगा. काय खाल्ले, उलटी किती वाजता झाली, किती वेळा झाली, शौचाचा रंग कसा, पाणी किती प्याला, लघवी झाली का, वजन किती. कुत्र्याला आपले दुखणे सांगता येत नाही. त्यामुळे दवाखान्यात पहिला प्रश्न माणसालाच विचारला जातो, आणि ही नोंद हाती असली तर त्याचे उत्तर चौथीतली मुलगीसुद्धा नेमके देऊ शकते.