करवंदाचं कुंपण
परसातली फळं : भाग ६

गेल्या आठवड्यात तुती झाली. तुती सोशिक, फांदी खोचली तरी रुजते. आज जरा बोचऱ्या झुडपाकडे वळू.

करवंद म्हटलं की मे महिना आठवतो आणि घाटाच्या वळणावर पळसाच्या पानांचे द्रोण मांडून बसलेल्या बायका. करवंद म्हणजे रानमेवा असं आपण ठरवून टाकलंय, त्यामुळे ते घरी लावावं हे मनातही येत नाही. माझं म्हणणं असं, की ज्याच्याकडे ऊन आणि बांधाला थोडी जागा आहे त्याने करवंद लावावंच. बाजारात येतात ती मुख्यतः पिकलेली. स्वयंपाकाला खरी लागतात ती कच्ची आणि गदरलेली, ती हवी त्या दिवशी हवी तशी आपल्याच झुडपावरून काढता येतात.

लावायचं कसं? पिकलेली करवंदं खाताना आतल्या चपट्या बिया बाजूला काढा, धुऊन सावलीत सुकवा आणि लगेच पिशव्यांत पेरा. पुढच्या वर्षीसाठी जपून ठेवलेलं बी बहुधा रुजत नाही. वर्षभराचं रोप पावसाच्या सुरुवातीला जमिनीत लावावं, कुंपणासाठी दोन-तीन फुटांवर एकेक. रोपवाटिकेत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' मिळाली तर तीच घ्या. पंतनगरच्या 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन' या जातीही चांगल्या. मुरूम, जांभा, खडक, काहीही चालतं, फक्त मुळाशी पाणी साचू देऊ नका. बियांच्या रोपाला साधारण तिसऱ्या वर्षी फळ धरतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो छाटणीत. करवंदाची फुलं फांदीच्या टोकाला येतात, पांढरी, जाईच्या वासाची, हिवाळा सरताना. दिवाळीनंतर कुंपण नीटनेटकं दिसावं म्हणून माळी कात्री फिरवतो आणि टोकांबरोबर त्या वर्षीचं फळही जातं. मग 'आमच्याकडे करवंद धरतच नाही' असं लोक सांगतात! कातरायचं असेल तेव्हा फळं संपल्यावर, पहिल्या पावसाच्या सुमारास कातरा. हातमोजे जाड घ्या. काटे जोडीजोडीने असतात आणि लाकडासारखे टणक.

आता स्वयंपाकघर. करवंद कण्हेरीच्या कुळातलं. कण्हेर विषारी, याचं फळ मात्र बिनघोर खावं. कुळाची खूण म्हणजे चीक. कच्चं करवंद देठापासून तोडलं की पांढरा थेंब फुटतो आणि बोटाला चिकटून काळा पडतो. म्हणून आधी हाताला आणि सुरीला गोडेतेल लावायचं. करवंदं मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून धुतली की बराच चीक निघतो. मग मधोमध चीर देऊन चमच्याच्या दांड्याने बिया काढायच्या. काम वेळखाऊ आहे, पण लोणच्यात बी राहिली की कडवटपणा येतो.

चटणीला एवढा खटाटोप नको. वाटीभर कच्ची करवंदं बत्त्याने ठेचून बिया झटका. अर्धी वाटी ओलं खोबरं, तीन-चार हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटा. लिंबाची गरज नाही. तांदळाच्या भाकरीबरोबर ही चटणी खाऊन पाहा, कैरीची मागे पडते.

जेलीसाठी गदरलेली, लालसर झालेली करवंदं निवडा. जेली घट्ट करणारं पेक्टिन या अवस्थेत भरपूर असतं, पूर्ण काळी झाल्यावर ते कमी होतं. फळं बुडतील इतक्याच पाण्यात मऊ शिजवा आणि पातळ फडक्यातून गाळा. फडकं पिळू नका, जेली गढूळ होते. रस जेवढा तेवढीच साखर घालून स्टीलच्या पातेल्यात उकळा. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई गेलेलं भांडं नको, आंबटपणाने ते चरतं. उलथन्यावरून रस थेंबाथेंबाने न पडता दोन थेंब एकमेकांना चिकटून पडू लागले की गॅस बंद.

बेकरीतल्या केकवर जी लालभडक 'चेरी' बसवलेली असते, ती आपल्याकडे पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असतं. रंग न घालता ते घरीही करता येतं: बिया काढलेली करवंदं वाफवायची, साखरेच्या पातळ पाकात घालायची आणि पाक रोज थोडा आटवत आठवडाभर मुरू द्यायची.

पुढच्या भागात फालसा.